चाराच्या आधीचा एक

गालावर साबणाचा फेस असताना माणसाला उत्तर देता येत नाही, आणि विठोबा नेमके तेव्हाच प्रश्न विचारतो. गेली नऊ वर्षं मी त्याच्याकडे दाढी करतोय, त्यामुळे त्याला माझ्याबद्दल जे काही माहीत आहे ते सगळं त्यानं स्वतःच ठरवलेलं आहे. मी मास्तर होतो हेही त्यानंच ठरवलं. मी मास्तर कधीच नव्हतो; गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होतो. निवृत्त होऊन मुरुडला परत आलो त्या आठवड्यात, माझा चष्मा आणि काखेतलं पुस्तक बघून तो म्हणाला, "या मास्तर, बसा," आणि तोंडाला फेस लागल्यामुळे मला ते दुरुस्त करता आलं नाही. फेस धुतल्यावर करता आलं असतं. पण तोवर त्यानं ते शेजारच्या वाण्याला सांगितलं होतं, आणि आता सगळं गावच मास्तर म्हणतं. गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेला आठ दिवस असताना, असाच मी मान मागं टाकून बसलो होतो. विठोबा वस्तरा परजत म्हणाला, "मास्तर, आज चारला मच्छीमार सोसायटीची सभा ना? वर्कशॉपचा मुख्य ठरवणार म्हणे." मी हुं केलं. "कोकिळा सकाळी मच्छी बाजारात सांगत होती, मास्तर माझ्या बाजूनं दोन शब्द बोलनार हायत." मी पुन्हा हुं केलं, ते आधीच्यापेक्षा बारीक निघालं. "पण भागोजी चेअरमन काय सोडणार नाही. ते अठ्ठावन सालचं प्रकरण काढणार आहे तो. तिनं इंजिन जाळलं होतं ना, ते." माझी मान हलली. "अहो! हलता काय?" विठोबा ओरडला. आरशात माझ्या पांढऱ्या गालावर एक लाल रेघ उमटली होती. तुरटीचा खडा तिच्यावर फिरवत तो म्हणाला, "इंजिन जाळलं तिनं आणि रक्त निघालं तुमचं. ही काय तऱ्हा!" बाकावरचे दोघे हसले. मीही हसलो. हसल्यावर तुरटी जास्त झोंबते.

बाजारपेठेतून घरी जायला मला दहा मिनिटं लागतात, पण त्या दिवशी मी समुद्राच्या बाजूच्या लांबच्या वाटेनं निघालो. एसटी स्टँडवर अलिबागची गाडी उभी होती. मनात आलं, बसावं. गावच्या वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे. अलिबागला पुस्तकांचं काही ना काही काम काढता येतं. सभा चारला, परतीची गाडी सहाला. कुणी विचारलंच, तर सांगायचं की गाडी चुकली. कंडक्टर दार धरून माझ्याकडे बघत होता. "येताय का आजोबा?" मी येतोय असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. त्यानं घंटी वाजवली, गाडी सुटली. थांबायचं मी ठरवलं, की माझ्या संथपणानं ते ठरवून टाकलं, हे आजही मला सांगता येत नाही. पण गाडी गेल्यावर छातीत हलकं वाटलं, आणि लगेच जड वाटलं, कारण चार वाजायला अजून साडेपाच तास होते.

प्रकरण तसं साधं होतं. कोळीवाड्याच्या सोसायटीकडे अठरा होड्यांना इंजिनं आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी बंदरावर पत्र्याचं एक वर्कशॉप आहे. तिथला मुंबईचा मिस्त्री मे महिन्यात सोडून गेला. त्याची मदतनीस म्हणून कोकिळा चार वर्षं काम करत होती. म्हणजे नोंदवहीत ती मदतनीस होती. प्रत्यक्षात मिस्त्री विडी ओढत बाकावर बसायचा आणि कोकिळा पदर खोचून इंजिनात कोपरापर्यंत हात घालायची. आता मुख्याच्या जागी एक तर ती, नाही तर चेअरमनचा पुतण्या अनंता. अनंता सहा महिने सरकारी शिक्षण घेऊन आलेला, हुशार, सरळ पोरगा. तो मुख्य झाला असता तर कोकिळा जन्मभर मदतनीस राहिली असती, आणि त्यानं प्रत्येक गोष्ट तिला विचारून केली असती. शिवाय मुख्याला दोन शिकाऊ माणसं घ्यायचा अधिकार होता. कोकिळेनं कुणाला घ्यायचं ते ठरवलेलं होतं: नलू आणि तिची धाकटी बहीण, नात्यातल्या दोन पोरी, सातवी पास. आदल्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर उभी राहून तिनं मला विचारलं होतं, "मास्तर, तुमी बोलाल ना माझ्यासाठी? तुमचा शबुद लोक मानतात." माझा शब्द! मी मान हलवली. माझी मान कुठल्याही प्रश्नाला तशीच हलते.

सत्तावन साली सोसायटीला पहिली तीन इंजिनं मिळाली, तेव्हा त्यातलं एक सदूच्या होडीत बसलं. सदू म्हणजे कोकिळेचा नवरा. आडदांड, हसरा, वादळाला न भिणारा, पण इंजिनाला भ्यायचा. इंजिनाबरोबर साठ पानांचं इंग्रजी पुस्तक आलं होतं. ते तो पंच्यात गुंडाळून वाचनालयात घेऊन आला. "मास्तर, ह्याच्यात काय लिवलंय ते सांगा. मी त्याच्या बाजूला झोपनार हाय समुद्रात. त्याचा सोभाव ठावं पायजे." मी दोन दिवस त्याला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानाला तो भिंतीला टेकून घोरायचा. तिसऱ्या दिवशी त्याच्याऐवजी बायको आली. मासळी विकून रिकामी झालेली टोपली तिनं बाहेर ठेवली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्यो झोपला म्हनं. आता मला सांगा." तेव्हा ती चोवीस वर्षांची असेल. कोळीवाड्यातल्या प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचायची. मी चष्मा पुसून सुरुवात केली. "पिस्टन म्हणजे दट्ट्या," मी म्हणालो. "पिस्टनच म्हना, मास्तर, मिस्त्रीपन पिस्टनच म्हंतो. त्यो खालीवर जातो त्यो गोल फिरवतो कसा?" मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बहुधा दांड्यामुळं." "बहुधा काय? हाय का न्हाय?" मी पान उलटून आकृती बघितली. दांडा होता. एकतीस वर्षं मी लोकांनी लिहिलेलं वाचलं होतं. पण वाचलेली गोष्ट खरोखर फिरते की नाही हे विचारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं. ती पायरीवर बसून दोन्ही हातांनी हवेत दांडा फिरवायची, मग थांबायची, मग हसायची, म्हणजे कळलं. तिला कळलं की मग मला कळायचं. तो हिवाळा मला अजून आठवतो. साठी ओलांडलेल्या माणसानं सकाळी उठून मासळीची टोपली येण्याची वाट बघावी, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग मी तिला म्हणालो, मी हे सगळं मराठीत उतरवून देतो. दोनशेपानी वही आणली. चार महिने लागले. आकृत्या मी बांगडी आणि पट्टी ठेवून काढल्या. बांगडी तिचीच होती. आयुष्यात मी लिहिलेलं ते एकमेव पुस्तक. शेवटचं पान लिहून झालं तेव्हा मी ते स्वतःच तपासलं, आणि इथंच माझी लाज सुरू होते. छापखान्यात मुद्रित तपासताना एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो आणि दुसरा मुद्रितावर डोळे ठेवतो. एकट्यानं तपासलेलं मुद्रित आमच्याकडे कच्चंच धरत. कुणाला तरी समोर बसवून इंग्रजी आकडे तरी मोठ्यानं वाचून घ्यायला हवे होते. शाळेतला कुणीही शिक्षक आला असता. पण एका कोळणीसाठी मी इंजिनाचं पुस्तक लिहितोय हे कुणाला सांगायला मला संकोच वाटला. कुणी हसलं असतं. त्या चार महिन्यांच्या आनंदावर कुणी हसू नये असं वाटलं, म्हणून मी दार लोटून, एकटाच, मनातल्या मनात वाचत गेलो.

अठ्ठावन सालच्या डिसेंबरात, पापलेटाचा हंगाम भरात असताना, सदूच्या इंजिनाचा जोर उतरला. मिस्त्री तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा मुंबईहून यायचा. तोवर होडी बांधून ठेवायची की काय, म्हणून कोकिळेनं वही उघडली. व्हॉल्व्हच्या वरची फट मोजायला पोलादाच्या पातळ पात्या असतात; प्रत्येक पातीवर आकडा असतो, इंचाच्या हजाराव्या भागांचा. वहीत चार लिहिलं होतं. वाळूवर ओढलेल्या होडीत न चढता, काठावरून वाकून तिनं चाराची पाती घातली, फट तेवढीच ठेवली, स्क्रू आवळला. इंजिन गार होतं तोवर छान चाललं. समुद्रातल्या कासा किल्ल्याच्या पलीकडं गेल्यावर ते तापलं, फट मिटली, व्हॉल्व्ह जळला. सदू शिडावर परत आला, दिवस मावळायच्या आत. कुणाला काही झालं नाही, फक्त मासळी नरम पडली आणि कोळीवाड्याला महिनाभराचा विषय मिळाला. बाईनं हात लावला इंजिनाला! मिस्त्री आला, हसला, म्हणाला, चौदा पाहिजे होतं, हिनं चार ठेवलं. दुसऱ्या दिवशी सदूच मला ते सांगत आला, नेहमीसारखा हसत. "आमच्या बाईनं चौदाचं चार केलं, मास्तर!" तो गेल्यावर मी कपाटातून इंग्रजी पुस्तक काढलं. चौदा. वहीत माझ्या हातून एक राहिला होता. टाक कोरडा पडला असेल. मी दौतीत बुडवला असेल आणि पुढचाच आकडा लिहिला असेल. असेल, असेल. पायांत चपला न घालताच मी कोळीवाड्यात गेलो. त्या घरात मी कधी गेलो नव्हतो. कोकिळा मागच्या अंगणात पाठमोरी बसून मासळी साफ करत होती; मी दारात उभा राहिलो तशी तिनं एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि पुन्हा पाठ फिरवली. मी म्हणालो, "कोकिळाबाई, ती वही जरा द्या. एका पानावर शाई फिसकटलीये, नीट करून आणतो." कोपऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "न्या. मला नको ती." घरी येऊन मी ते पान उघडलं. चाराच्या आधी जागा होती. एका आकड्याची जागा मी व्यवस्थित सोडलेली होती, फक्त त्यात आकडा नव्हता. मी त्याच शाईनं, त्याच टाकानं, तिथं एक लिहिला. एकतीस वर्षांत इतकी सफाईदार दुरुस्ती मी केली नव्हती.

वही परत दिली. चार दिवसांनी ती वाचनालयात आली, टोपली न घेता. "मी त्या रोजी चार वाचलं, मास्तर. आज परत बघितलं, तं चौदा हाय. माझंच डोलं." मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." असली तीन शब्दांची वाक्यं माणूस किती सहज बोलतो. त्याच वेळी मी सांगितलं असतं तर ती रागावली असती, दोन दिवसांनी विसरली असती. पण मी एवढंच म्हणालो, आणि चहा घेता का, असं विचारलं. ती त्यानंतरही शिकत राहिली. तिच्यासारखं माणूस थांबत नाही. पण त्या दिवसापासून तिनं एकही आकडा स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून वाचला नाही. पातीवरचा आकडा असो, डब्यावरचा असो, "नलू, ह्यो काय हाय बघ गं," असं म्हणायची. अक्षरं वाचायची ती, आकडे नाही. आणि भागोजी चेअरमन चारच्या सभेत नेमकं हेच पुढं करणार होता: जिला आकडा वाचायला दुसरं माणूस लागतं ती मुख्य कशी? त्याची शंका रास्त होती. मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं.

दुपारी जेवून आडवा झालो तर डोळ्यांसमोर तिचं वर्कशॉप. तिथं मी अधूनमधून जातो, काहीतरी निमित्त काढून. आमच्याकडे बायका मासेमारीच्या होडीवर चढत नाहीत. तसा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण चढत नाहीत. मिस्त्री म्हणाला होता, मग ही दुरुस्ती करणार कशी? कोकिळा म्हणाली, "मी होरीवर न्हाय चढत. इंजिनालाच खाली उतरवा." पुरुष हसले. तिनं नारळीच्या तीन सोटांचं तिकाटणं उभं केलं, जहाजावरचा जुना कप्पी-दोर मिळवला, आणि सदूसह सहाजणांकडून इंजिन होडीतून उचलून वाळूवर फळ्यांवर आणून ठेवलं. आता दर पावसाळ्यात आमची अठराही इंजिनं अशी बाहेर येतात, सुटी होतात, रॉकेलमध्ये न्हाऊन निघतात. दिघीकडचे लोक होडीच्या पोटात वाकून जेवढं हाताला लागेल तेवढं साफ करतात, आणि त्यांची इंजिनं भर हंगामात खोकतात. तिनं रूढी मोडली नाही. रूढीलाच कामाला लावलं. आणि तिचे कान! संध्याकाळी होड्या यायच्या वेळी बायका टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उभ्या असतात. पूर्वी त्या शिडावरून होडी ओळखायच्या, आता आवाजावरून ओळखतात. सगळ्याच ओळखतात, पण बाकीच्या म्हणतात "आली गं माझी," आणि कोकिळा म्हणते, "त्याचा मागचा पाय लंगडतोय." दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं की मागच्या सिलिंडरातच बिघाड असतो. हे सगळं मी सभेत सांगू शकलो असतो. छान भाषण झालं असतं. माझी वाक्यं मनात तयार होती, विरामचिन्हांसकट. आणि त्यातलं एकही वाक्य भागोजीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

सभा वर्कशॉपातच होती. एका अंगाला पुरुष, एका अंगाला बायका, मधे सुटं केलेलं इंजिन, आणि एका खोक्यासमोर मी, कारण सोसायटीची टिपणं मीच लिहितो. कोकिळा बायकांत बसली होती, हिरव्या लुगड्यात, हातांना तेल. तिनं माझ्या गालाकडे बघितलं आणि खुणेनं विचारलं, हे काय? मी मान हलवली. भागोजी उभा राहिला. तो वाईट माणूस नाही. मोठा आवाज, मोठं पोट, आणि सगळ्यांची इंजिनं सुखरूप परत यावीत एवढीच त्याची इच्छा. "बाई कामाची हाय, कोन न्हाय म्हंतो?" तो म्हणाला. "पन मुख्य म्हंजे आकड्यांचं काम. अठ्ठावनला चौदाचं चार झालं. अजून ती आकडा दुसऱ्याला इचारते. उद्या मुख्य झाली नि पोर हजर नसली, तं?" ठमाबाई, म्हणजे सदूची आई, बाजारातली सगळ्यात मोठ्या आवाजाची विक्रेती, बसल्या जागेवरून म्हणाली, "भागोज्या, गेल्या साली तुजं इंजिन मेल्यावानी पडलं व्हतं. उठवलं कोनी? तुज्या बापानं?" "काकी, त्याचा इथं काय संबंद?" "संबंद हाय. माजी सून हाय ती." हशा झाला. अनंता जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, मी तं सगळं तिलाच इचारतो." "तू गप," भागोजी म्हणाला, "तुझ्यासाठीच चाललंय." पुन्हा हशा. पण हशा विरल्यावर चार-पाच पुरुषांनी भागोजीकडे बघून माना डोलावल्या, आणि मी कोकिळेकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती, जणू काही तिथं एक आकडा लिहिलेला होता आणि तो तिला वाचता येत नव्हता.

मी उभा राहिलो. म्हणजे गुडघे उभे राहिले. मी मागाहून पोचलो. "चार मी लिहिलं होतं," मी म्हणालो. कुणाला ऐकूच गेलं नाही. "मोठ्यानं, मास्तर!" ठमाबाई ओरडली, "आमी काय वाचनालयात बसलोय?" "चार मी लिहिलं होतं!" मी ओरडलो, आणि स्वतःच्या आवाजानं दचकलो. "वहीत. चौदा लिहायच्या जागी. तिनं वाचलं ते बरोबर होतं. मग मी ती वही घरी नेली आणि आधी एक घातला. नंतर. कुणाला न सांगता."  भागोजी हळूच म्हणाला, "म्हंजे बाईनं बरोबर वाचलं व्हतं?" "हो. चुकीचं लिहिलेलं तिनं अगदी बरोबर वाचलं."

कोकिळा उठली. इंजिनाला वळसा घालून माझ्या खोक्यासमोर आली. "सहा वर्सं?" ती म्हणाली. "सहा वर्सं मी पोरीला इचारते, नलू, ह्यो पाच हाय का सहा. एसटीची पाटी वाचत न्हाय. डाक्टरच्या गोळ्या मोजून घेते. आन तुमी तिथं बसून मान हालवत व्हता?" "हो," मी म्हणालो. "हो म्हनू नका!" "बरं." बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. "हसू नका गं! मी रागावलेली हाय," कोकिळा ओरडली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं, आणि ते दाबायला ती आणखी रागावली. "वही न्यायला आलात तवा माझ्या दारात अनवानी उभं व्हतात. मला वाटलं, मास्तरला माझं किती वाईट वाटतंय!" "ते वाटत होतंच," मी म्हणालो. "वाटायलाच पायजे!" मग तिनं हातानंच डोळे पुसले, गालाला काळं तेल लागलं. "जा, बसा," ती म्हणाली. "पाय थरथरतायत तुमचे."

भागोजीनं पोटावरून हात फिरवला. "मग माझं म्हननं संपलं," तो म्हणाला. "कोकिळा सदू मुख्य. हात वर करा." पहिला हात अनंताचा. मग बायकांचे सगळे एकदम, काकणं वाजत. मग पुरुषांचे, एकमेकांकडे बघत. भागोजीचा शेवटी, कान खाजवायला वर जावा तसा. सदू दोन्ही हात वर करून उभा होता. त्याचा एक खाली घ्यायला लावला. मी मोजलं, लिहिलं, शाईवर फुंकर घातली. अक्षर बरं आलं. आता घरी जावं, असं वाटत होतं. पण कोकिळेनं टिपणांची वही माझ्या हाताखालून ओढून घेतली. "काय लिवलंय ते बघू दे. मी मुख्य हाय आता." नलू सवयीनं पुढं सरकली, "मी वाचू, मावशी?" "तू बस खाली," कोकिळा म्हणाली. तिनं ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले.  तारीख तिनं वाचली, मोठ्यानं: "सोला आगस्ट, एकोनीसशे चौसष्ट." मग ठराव, एकेक अक्षर, आपलं स्वतःचं नाव, त्याच्यावर ती जरा रेंगाळली. मग बोट खाली सरकलं आणि थांबलं.

"बाजूनं मतं अठ्ठावीस," ती म्हणाली.

"बरोबर," मी म्हणालो.

"बरोबर न्हाय. मी मोजले. हात एकोनतीस व्हते."

 मी पुन्हा मोजायला मान वर केली. बायका मोजल्या, पुरुष मोजले. अठ्ठावीस. सगळे माझ्याकडे बघत होते. "अठ्ठावीसच होतायत, कोकिळाबाई," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजात ती जुनी, मान हलवणारी घडी पडायला लागली, की असेल, माझंच चुकलं असेल.

"तुमचा कोन मोजनार?" ती म्हणाली. "हात वर केला व्हता ना तुमी? का त्योपन केला न्हाय?"

केला होता. डावा, उजव्या हातात टाक होता. ती बघत होती.

तिनं वही माझ्यासमोर ठेवली, आकड्यावर तेलकट बोट टेकवलं आणि म्हणाली, "खोडा. आन हितं, माझ्यासमोर लिवा." मी आठावर आडवी रेघ ओढली, अशी की खालचा आठ कुणालाही दिसावा, आणि शेजारी नऊ लिहिला. तिनं तो वाचला. मग म्हणाली, "आता सही करा त्याच्यावर."